ब्लू माउंटन्समधील घर : रान किती जवळ असावे?

दादा (सिडनी): सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत बांधायच्या आमच्या घराचा पहिला आराखडा वर टाकला आहे. मागे उतार आहे आणि उतारावर निलगिरीचे दाट रान आहे. एकही झाड न तोडता घर त्यांच्या सावलीत बसावे आणि मागचा डेक, म्हणजे लाकडी ओटा, थेट फांद्यांपर्यंत जावा, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. सर्वांनी मोकळेपणाने मत द्यावे.

काका: आराखडा देखणा आहे. पण बैठकीच्या मोठ्या काचा उत्तरेला का ठेवल्या आहेत?

ताई: काका, तिकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो. सिडनीत जूनमध्ये भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर असतो आणि डिसेंबरमध्ये ८० अंशांच्या आसपास चढतो. त्यामुळे छपराची वळचण बेताने पुढे काढली, की उन्हाळ्याचे ऊन बाहेरच अडते आणि थंडीतले आत फरशीवर येते. पश्चिमेच्या काचा मात्र कमी कराव्यात.

दादा, डेकचे मला अजिबात पटत नाही. निलगिरीच्या पानांत तेल असते, तिची साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि वणव्यात हीच जळती साल वाऱ्याबरोबर पुष्कळ पुढे जाऊन पडते. बहुतेक घरे ज्वाळांनी नव्हे, तर पन्हळीतल्या पाचोळ्यात, डेकखाली किंवा छपराच्या फटीत शिरलेल्या ठिणग्यांनी पेटतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये तुमच्याच डोंगरांत, मुख्यतः विनमलीच्या परिसरात, सुमारे २०० घरे गेली. त्यात आग चढावर अधिक वेगाने धावते. दर १० अंश चढाला वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. तू डेक नेमका त्याच बाजूला काढला आहेस.

काका: हे खरे आहे. आपणही आंबाबागेभोवतीचे गवत पावसाळ्यानंतर कापून पट्टा मोकळा ठेवतो, तो वणव्यासाठीच.

वहिनी: ताई, तुमची काळजी समजते. पण रान फक्त काचेतून पाहायचे असेल, तर एवढ्या लांब राहायला जाण्यात काय अर्थ आहे?

ताई: वहिनी, तसे होणार नाही. ऑस्ट्रेलियन वास्तुविशारद ग्लेन मर्कट यांना २००२ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. त्यांचे माउंट विल्सन येथील सिम्पसन-ली घर याच डोंगरांत आहे. ते अरुंद आणि लांबट आहे, सरकत्या काचा उघडल्या की बैठकीची खोलीच व्हरांडा होते आणि शेजारचे तळे वणव्याच्या वेळी पाणीसाठा म्हणून उपयोगी पडते. वारा, पक्ष्यांचे आवाज आणि पावसानंतरचा निलगिरीचा वास आत यायला फांदी कठड्याला टेकलेली असावी लागत नाही. घराजवळ दगडी फरसबंदी आणि आखूड गवत ठेवा. त्यापलीकडे मोजकी झाडे अशी राखा, की त्यांचे शेंडे एकमेकांना भिडणार नाहीत. पाहणी अहवालात तुमची जागा बॅल-२९ या वणव्याच्या धोक्याच्या श्रेणीत आहे. म्हणून उघडणाऱ्या खिडक्यांना धातूची जाळी लागेल आणि तिची छिद्रे २ मिमीपेक्षा मोठी चालणार नाहीत. डेकसाठी स्पॉटेड गम किंवा ब्लॅकबट हे आगीला तोंड देणारे लाकूड घ्या.

दादा: डेक पूर्वेला वळवायला आजच सांगतो, म्हणजे सकाळचा चहा रानासमोरच होईल. झाडे काढणे जिवावर येते, परंतु घराला अगदी लागून असलेली दोन जातील. पावसाच्या पाण्याची टाकी कुठे ठेवावी?

ताई: बंब थेट पोहोचेल अशी रस्त्याच्या बाजूला ठेव, प्लास्टिकची नको, आणि अग्निशमन दलासाठी नळी लावायची ६५ मिमीची स्टॉर्झ जोडणी आराखड्यातच दाखवून घे.