वर्गातला स्टारचा तक्ता ठेवावा की काढावा?

खडूफळा: आमच्या शाळेत यंदा प्रत्येक भिंतीवर स्टारचा तक्ता लागलाय. पुस्तक वाचलं की स्टार, दहा झाले की पेन्सिल. माझं म्हणणं, वाचनापुरता तरी तो काढा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली चित्रांची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत याच मुलांनी रंगीत पेनांना इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ दिला. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड शाबूत राहिली. म्हणजे घात बक्षिसाने नाही, आधी ठरवलेल्या सौद्याने होतो. आमची तिसरीतली पोरं तर आता पेटीतलं सगळ्यात बारीक पुस्तक हुडकतात!

पाढेवाली बाई: सर, त्या मुलांना मुळात आवड होती. माझ्या वर्गात सतराच्या पाढ्याची आवड असलेलं एक पोर दाखवा. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरचे प्रश्न सोडवले की २ डॉलर दिले. इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं.

मागचा बाक: बाई, फ्रायर अर्धेच सांगितलेत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी परीक्षेतल्या गुणांवर पैसे दिले, तिथे गुण ढिम्म हलले नाहीत. मुलांना पैसे हवे होते, पण गुण वाढवायला नेमकं काय करायचं ते कळत नव्हतं. पुस्तक वाचणं हातातलं काम आहे, ऐंशी टक्के हातातले नाहीत. आणि आपण स्नेहसंमेलनात बक्षीस कशाला देतो? पहिल्या नंबराला!

खडूफळा: हे पटलं. पाढ्यांना स्टार द्या, भांडत नाही. पण डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात तशी माणसाला तीन गोष्टींची भूक असते: आपलं आपण ठरवणं, जमतंय असं वाटणं आणि आपलेपणा. वाचनाच्या तासाला पुस्तक तरी मुलाला निवडू द्या.

पाढेवाली बाई: निवडू दे की! पेटीतल्या निम्म्या पुस्तकांची पानं सुटलीत. शिवाय तपासणीला येणारे साहेब तक्ता बघतात, आवड कुठे बघतात?

खडूफळा: मग तक्ता साहेबांसाठी राहू दे. पेन्सिली मात्र न सांगता वाटा.

पाढेवाली बाई: एकदा वाटून बघा. दुसऱ्या दिवशी दारातच विचारतात, "बाई, आज पेन्सिल नाही?"