पहिला रंधा कुठला घ्यावा?

सोलापुरात राहतो, घरी सागवानी फळ्यांचा टेबल करायचाय. दुकानात गेलो तर चार नंबर, पाच नंबर, सात नंबर, डोकंच फिरलं. एकच घ्यायचा तर कुठला?

> पाच नंबर घ्या, १४ इंची जॅक प्लेन, म्हणजे सगळ्या कामांचा रंधा, सगळ्यात जास्त तोच चालतो. सात नंबर २२ इंची, लांब असल्यानं उंचवट्यांवरनं जातो म्हणून फळ्या जोडायच्या कडा सरळ येतात, चार नंबर शेवटी गुळगुळीत करायला. पण पातं धार लावूनच वापरा, नवीन रंध्याला दुकानातली धार म्हणजे नुसतं नाव.

> आमचे आजोबा लाकडी रंधाच वापरायचे, पातं हातोडीनं ठोकून बसवायचे बगा.

> लाकडाच्या रेषा उलट्या असल्या की चिरफळ्या निघतात, फळी फिरवून रंधा मारा.