यवतेश्वरच्या पुढे दिसलेली ही वेल कोणती? ओळख पटवायला मदत हवी आहे

मंडळी, साताऱ्याहून यवतेश्वरच्या पुढे गेल्यावर कासचा रस्ता सोडून एका पायवाटेने आत चाललो होतो. तिथे करवंदीच्या जाळीवर चढलेली ही नाजूक वेल दिसली. फोटो देतोय, पण वाऱ्याने ती सारखी हलत होती, म्हणून वर्णनही लिहितो.

पानं समोरासमोर, लांबट, टोकाला निमुळती. खोड सुतळीपेक्षा बारीक, बोट फिरवलं की लव जाणवते. फुलं पानांच्या बगलेत, साधारण बोटाच्या दोन पेरांएवढी. बुडाशी फुगीर, मग अरुंद नळी, वर पुन्हा रुंद. रंग फिकट हिरवट, त्यावर जांभळे ठिपके. पाचही पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे मधे पाच खिडक्या. काहीही तोडलं नाही, त्यामुळे चीक येतो का ते पाहिलेलं नाही.

सोबतच्या मित्राला ईश्वरी वाटली. तिच्याही नळीत बारीक माश्या अडकतात हे खरं, पण ईश्वरीची पानं एकाआड एक असतात आणि पाकळ्यांचा असा पिंजरा तिला नसतो. माझ्या मते हे कंदीलपुष्पच, म्हणजे सेरोपेजिया. पण कोणतं? कासच्या पठारावरची सेरोपेजिया जैनी बुटकी, सरळ वाढणारी. ती नक्कीच नव्हे. लव पाहून सेरोपेजिया हिर्सुटा म्हणावंसं वाटतं, पण सेरोपेजिया विन्सिफोलिया नाही हे कशावरून ठरवायचं? फूल न कापता बाहेरून दिसणारी एखादी खात्रीची खूण आहे का?

वाटेत भेटलेले गुराखी आजोबा हिला खरचुडी म्हणाले. लहानपणी ते हिचे कांदे उकरून खायचे. कांदा गेला की वेल गेली, म्हणून नेमकी जागा इथे लिहीत नाही. कोणी जागा ओळखलीत तरी ती कृपया प्रतिसादात देऊ नका.

शेंगा धरल्या तर बघायला पुन्हा जाणार आहे. रुईसारखं कापूस लावलेलं बी उडायच्या आत शेंगांचे कुठल्या बाजूने फोटो घ्यावेत, तेही सांगा. आणि पायवाट साफ करताना ही जाळी तोडली जाऊ नये म्हणून वनखात्याला अर्ज द्यायचाय. असा अर्ज कोणी केला असेल तर त्यात काय काय लिहिलंत?