एनिग्माच सगळ्यांसाठी सर्वोत्तम का नाही

एनिग्मा मिळालं की चिलखताचा प्रश्न संपला, हे मत मला पटत नाही. डायब्लो २ या व्हिडिओ गेममधल्या या जाह-इथ-बेर रूनवर्डची (चिलखतात ठरावीक रून क्रमाने बसवून बनणाऱ्या वस्तूची) ताकद मान्यच आहे. कुठल्याही पात्राला टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे उडी), सगळ्या स्किल्सना +२, वर पळण्याचा वेग ४५ टक्क्यांनी जास्त. पण रेझिस्टन्स (आग, वीज अशा हल्ल्यांपासूनचं संरक्षण) एकही नाही! हेल या सर्वात कठीण पातळीवर रेझिस्टन्स आधीच १०० ने घटलेले असतात. ती तूट मग ढाल, अंगठ्या आणि पिशवीत ठेवायच्या चार्म्सनी भरत बसायचं, म्हणजे चांगल्या वस्तूंच्या जागा त्यातच अडकतात. चेन्स ऑफ ऑनर या दुसऱ्या चिलखताच्या रूनवर्डमध्ये स्किल्सना तेच +२ आहे आणि सगळे रेझिस्टन्स +६५. समोरासमोर लढणाऱ्या बार्बेरियनला मी डोळे झाकून तेच घालीन.

शिवाय टेलिपोर्ट फुकट नसतो, पहिल्या लेव्हलला दर उडीला २४ माना (जादूची ऊर्जा) लागतो. आमच्या कोथरूडच्या ग्रुपमधला पॅलाडिन चार-पाच उड्यांत बॉसजवळ पोहोचतो आणि मानाचा निळा गोळा रिकामा करून बसतो. आम्ही पायी येईपर्यंत जादूचे हॅमर टाकायला त्याच्याकडे काही उरत नाही. एकत्र खेळण्यातली मजाही जाते, ते वेगळंच.

पाथ ऑफ एक्झाइल या दुसऱ्या गेममधलं काओम्स हार्ट हे चिलखत मला जास्त प्रामाणिक वाटतं. लाइफ ५०० ने वाढतं, पण सॉकेट (स्किल देणारी जेम्स बसवायची खाच) एकही नाही, म्हणजे चिलखतातली सहा जेम्सची जोडणी गेली. काय गमावतोय ते घालण्याआधीच समोर दिसतं. अशा वस्तूभोवती बिल्ड (पात्राच्या स्किल्स आणि वस्तूंची जुळणी) रचायला खरंच डोकं लागतं.