कपाट शोरूमचं घ्यावं की मिस्त्रीकडून करून घ्यावं?

औसारोडवाला (लातूर):
मोठ्या कंपनीच्या शोरूममधून तीन दारांचं कपाट घेतलं. पाच वर्षांची वॉरंटी. वर्ष व्हायच्या आत मधलं दार खाली बसलं, खालची फळी फुगली. तक्रार केली तर म्हणे, ‘टेक्निशियन संभाजीनगरहून येतो, लातूरच्या चार तक्रारी जमल्या की पाठवू.’ एकदाचा आला, फोटो काढून गेला. मग निरोप : पाणी लागून फुगलंय, वॉरंटीत बसत नाही. ज्या गावाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं कपाटाला पाणी लागतंय! माझं मत पक्कं झालंय. आपल्या भागात कंपनीचं फर्निचर घेऊच नये. गल्लीतला मिस्त्री हाक मारली की येतो.

गोदाकाठ (नांदेड):
हाक मारली की येतो? कुठली गल्ली हो ही? आमच्या मिस्त्रीनं दिवाणाचा ॲडव्हान्स घेतला अन् लग्नसराई लागताच गायब. ‘किनवटचं सागवान’ म्हणून जे लावलं, त्यातून पावसाळ्यात भुसा गळायला लागला. विचारलं तर ‘साहेब, लाकूड आहे, किडणारच.’ ना बिल, ना कागद. तुमच्याकडं भांडायला निदान कार्ड तरी आहे.

दुकानदार (परभणी):
मी फर्निचर विकतो, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खातो. नांदेडच्या साहेबांना : सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. बाहेरचा पांढरट भाग खपवलेला दिसतो.
लातूरच्या साहेबांना : तुमचं कपाट बहुतेक पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली पाटी. कडेची पट्टी सुटली की रोजच्या ओल्या पोछ्यानंही ते फुगतं, त्याला नळाला पाणी यावं लागत नाही. त्यात स्क्रू धड एकदाच धरतो. बिजागरी ढिली झाली की भोक मोठं होतं, मग कितीही आवळा. शोरूममध्ये हे कुणी विचारत नाही. रंग आणि हप्ता, दोनच प्रश्न. अन् माझ्याकडं येऊन तेच लोक म्हणतात, ‘बिल राहू द्या, जीएसटी कमी करा.’ बिनबिलाच्या मालाला सर्व्हिस मात्र बिलासारखी पाहिजे.

औसारोडवाला (लातूर):
माझं बिल पक्कं आहे, १८ टक्के भरलेत. ओला पोछा चालत नसेल तर तसं कपाटावर छापा ना! घरात फरशी पुसायची नाही का?

वकीलताई (बीड):
मग नुसतं चिडून काय उपयोग? आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. नाही भागलं तर २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे लातुरातच तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. टेक्निशियननं लिहून दिलेला कागद, फोटो, मेसेज जपून ठेवा.

गोदाकाठ (नांदेड):
पाहा, हेच म्हणत होतो. मिस्त्रीवर केस कशाच्या जोरावर करणार?

औसारोडवाला (लातूर):
एका कपाटापायी कामं बुडवून तारखा कोण करणार, ताई? पण १९१५ ला लावतो फोन.

रंधा (जालना):
आमच्या घरी सुतारकाम आहे, म्हणून राहवलं नाही. मिस्त्री लग्नसराईत गायब होतो, कारण तिथं रोख मिळते. इथं दिवाण घरात गेला की ‘बाकी दिवाळीला बघू’. अन् नांदेडचे साहेब, सागवानाचा भाव त्या दिवशी काय ठरला होता, तेही सांगा की. भावात सगळं सागवान बसतच नसेल, तर मिस्त्री पांढरं लावणार, हे दोघांनाही माहीत असतं.

गोदाकाठ (नांदेड):
भाव त्यानंच सांगितला होता. मी एक रुपया पाडला नाही.

रंधा (जालना):
मग त्यानं फसवलं. पण पुढच्या वेळी कामाआधी लाकूड, माप, भाव साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आमचे बाबा देतात. मागणारं गिऱ्हाईकच भेटत नाही.