देवळाच्या फलकावर 'पांडवकालीन' कोरावं का? (खानापूर तालुका)

फळाखडू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर. गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेपासून हाकेच्या अंतरावर. चौतीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिले, त्याची शिक्षा आता भोगतोय. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार संपत आलाय. दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटचा फलक बसणार आहे आणि "गुरुजींचं अक्षर चांगलं" म्हणून मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अक्षरं मशीन कोरणार. मग माझ्या अक्षराचा संबंध काय, हे विचारायची सोय नाही.

कमिटीच्या अध्यक्षांनी मजकूर तोंडी सांगून टाकलाय: "5000 वर्षांपूर्वीचे पांडवकालीन मंदिर. पांडवांनी एका रात्रीत बांधले, कोंबडा आरवला म्हणून शिखर अपुरे राहिले." खोटं कशाला बोलू, ही गोष्ट मी स्वतः पोरांना सांगितलीय, शिखराकडे बोट दाखवून.

खरं आता कोरायची वेळ आली तसं मन खायला लागलंय. देवळाचे खांब बघा: काळा दगड, चरकावर फिरवल्यासारखा गुळगुळीत, एकावर एक बांगड्या चढवाव्यात तसे कंगोरे. हळशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळात गेलो की मला आमचंच देऊळ आठवतं. ते बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं, आणि तिथं लेख आहेत. मग आमचं एकदम 5000 वर्षांचं कसं?

दाराच्या डाव्या अंगाला कमरेइतका एक दगड आहे. वर सूर्य-चंद्र, गाय-वासरू, खाली बारीक ओळी. लिपी जुनी कानडी. मागच्या रंगकामात त्यालाही पिवळा ऑईल पेंट फासला, "उठून दिसावा" म्हणून. बेंगळूरचा भाचा म्हणतो, मामा, देवळाचं कार्बन डेटिंग करून टाका. अध्यक्ष म्हणतात, श्रद्धेला सर्टिफिकेट कशाला?

माझी खरी अडचण वेगळीच आहे. आमचं घर वारकरी. पांडवांना पुरावा मागितला तर उद्या पुंडलिकाला आणि माउलीलाही मागावा लागेल. तिथं मला धाडस होईना. या असल्या बाबतीत पुरावा म्हणजे नक्की काय धरायचं?

ता. क. कारागीर अक्षराला 12 रुपये घेतो. 'पांडवकालीन' सहा अक्षरांत भागतं. अध्यक्षांचा हाही एक मुद्दा आहे.

जय_बेळगाव

गुरुजी, कशाला डोकं फिरवून घेताय ओ. रामसेतू 17 लाख वर्षांचा हाय म्हणून नासानं फोटोसकट सिद्ध केलंय. मग पांडव 5000 वर्षांमागं का नसतील? बिनधास्त लिवा.

हुक्केरीचा बाँडरायटर

फोटो नासाचे आहेत, निष्कर्ष नासाचा नाही. अंतराळातून काढलेल्या फोटोवरून ती रांग किती जुनी किंवा माणसानं बांधली की नाही हे सांगता येत नाही, असं त्यांनीच सांगितलंय. आणि 17 लाख वर्षांमागं आपल्यासारखा माणूसच नव्हता, आपली मानवजात फार तर तीनेक लाख वर्षांची.

गुरुजी, मी कोर्टाच्या दारात बसून दस्त लिहितो, त्यामुळे माझी खोड एकच: साक्षीदार कोण, आणि त्यानं डोळ्यानं बघितलंय की ऐकलंय?

तुमच्याच नदीचं उदाहरण घ्या. मलप्रभा तुमच्या कणकुंबीत उगवते आणि खाली ऐहोळेला जाते. तिथं मेगुटीच्या जैन देवळात रविकीर्तीचा लेख आहे, शके 556, म्हणजे इ.स. 634. पुलकेशी दुसरा याच्या पदरचा हा कवी. पुलकेशीनं हर्षाला हरवलं हे तो लिहितो. ते त्याच्या हयातीत घडलेलं. राजाची तारीफ आहे, थोडं मीठ कमी-जास्त असेल, पण साक्षीदार जवळचा. कालिदास आणि भारवी या कवींचीही नावं तो घेतो. त्यामुळे हे दोघे 634 च्या आधीचे हे पक्कं झालं.

आणि त्याच दगडावर लिहिलंय की भारतयुद्धाला 3735 वर्षं झाली. हिशेब केला की इ.स.पू. 3102 येतं. तुमच्या अध्यक्षांचे 5000 तिथूनच आले. पण 3102 हा कलियुगाच्या आरंभाचा ज्योतिषातला आकडा. आर्यभटही कलीची 3600 वर्षं गेली तेव्हा मी 23 वर्षांचा होतो म्हणतो, ते वर्ष इ.स. 499. म्हणजे रविकीर्तीनं हा आकडा ज्योतिष्यांकडून घेतला, रणांगणावरून नाही. दगड तोच, कवी तोच. पुलकेशीबद्दल तो साक्षीदार, पांडवांबद्दल ऐकीव. सातव्या शतकात लोक काय मानत होते याचा मात्र तो सज्जड पुरावा आहे.

आता आमच्या तालुक्याकडे या. हुक्केरीतलं अर्जुनवाड. तिथला शिलालेख 1260 चा, यादव राजा कृष्णाच्या काळातला, कानडीत त्याला कन्नर म्हणतात. त्यात संगन बसव (म्हणजे बसवण्णा, लिंगायतांचे बसवेश्वर) येतो, वडील मादिराज येतात, बागेवाडी येते. बसवण्णा गेले 1167 च्या सुमारास. म्हणजे नव्वद-पंच्याण्णव वर्षांच्या आत एक दगड पुराणाच्या बाहेर उभा राहून सांगतो की हा माणूस, हा बाप, हे गाव. माझा आजा 1911 साली जन्मला, त्याचं नाव आमच्या उताऱ्यावर आहे. उताऱ्यावरून तो होता एवढं कळतं. स्वभाव कसा होता ते आजीला विचारावं लागायचं.

फळाखडू

बाँडरायटरसाहेब, दंडवत. अर्जुनवाडवरून शंभरदा संकेश्वरला गेलोय, कधी उतरलो नाही. पुंडलिकाचं काय, ते मात्र तुम्ही शिताफीनं टाळलंत.

हुक्केरीचा बाँडरायटर

टाळलं नाही, फी ठरवत होतो. याच कृष्ण यादवाच्या काळातला ताम्रपट, 1249 चा, आपल्याच जिल्ह्यात बेंडिगेरीला सापडलाय. त्यात भीमरथी नदीच्या काठचं पौंडरीकक्षेत्र येतं, तिथल्या विष्णूच्या साक्षीनं दान दिलंय. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहायच्या चाळीसेक वर्षं आधी पंढरपूरला पुंडरीकाच्या नावानं ओळखत होते आणि तिथं विष्णू होता. विटेची गोष्ट त्यात नाही. आईबापांचे पाय चेपणाराही नाही. गावाला नाव पडायला मागं काही तरी असावं असा अंदाज करता येतो, पण शपथेवर तो माझ्याकडून कुणी लिहून घेऊ नये.

माउलीची केस तर बळकट आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

फळाखडू

आहे की. "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें." म्हणजे 1290. आणि त्याच्या थोडं आधी "न्यायातें पोषी क्षितीशु, श्रीरामचंद्रु". इतकी पारायणं केली, ही ओवी मी राजाची स्तुती म्हणून म्हणत आलो. काल रात्री तुमचं वाचल्यावर डोक्यात आलं की देवगिरीच्या या रामचंद्राचे लेख वेगळे दगडांवर आहेत, पंढरपूरच्या देवळात 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणतात त्या शिलालेखातही तो आहे. ग्रंथ एक राजा सांगतो आणि दगड तोच राजा, तोच काळ सांगतात. एकनाथांनी शके 1506 ला पोथी शुद्ध केली, तेव्हा तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते हे नाथांनाच मान्य होतं. हे सगळं मला धक्का द्यायच्या ऐवजी उलट गोडच लागलं. रेड्याचा मुद्दा मी मुद्दाम काढत नाही, रेडा कुठल्या ताम्रपटावर सही करणार?

निपाणीकर_बागवान

सलाम गुरुजी. तुमच्या भाच्याच्या कार्बन डेटिंगबद्दल. दगडाचं होत नाही ते. एके काळी जिवंत असलेलं काही तरी लागतं: लाकूड, कोळसा, हाड, चामडं. शिवाय तारीख निघते ती झाड तुटल्याची किंवा जनावर मेल्याची.

आमच्याकडं 2015 ला मोठी धामधूम झाली होती. इंग्लंडात बर्मिंगहॅमला कुराणाची दोन जुनी पानं आहेत, त्यांच्या चामड्याची तारीख 568 ते 645 च्या दरम्यान निघाली. पैगंबरांचा काळ 570 ते 632. मोहल्ल्यातल्या पोरांनी स्टेटसला "सायन्सनं सिद्ध केलं" टाकलं. माझे मामा मदरशात शिकवायचे, ते म्हणाले, "बाळ, बकरं कधी कापलं ते सिद्ध झालंय. शाई कधी लागली ते शाईला विचार." तरी पान फार जुनं आहे आणि त्यावरचा मजकूर आज आम्ही वाचतो तोच आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे. पोथी नीट सांभाळली गेली हे त्यातून दिसतं. ती वरून उतरली का, हे चामडं कसं सांगेल?

आकाशवेडा

सॉफ्टवेअरवाल्यांचं राहिलं. रामजन्माच्या ग्रहस्थितीचा श्लोक संगणकात घालून एकजण इ.स.पू. 5114 काढतो, दुसरा 7323. श्लोक एकच, फरक दोन हजार वर्षांचा. मी स्वतः करून बघितलंय. दोनचार अटी ढिल्या सोडल्या की संगणक हवी ती तारीख देतो. मूळ अडचण अशी की त्या श्लोकात कर्क लग्न आहे, उच्चीचे ग्रह आहेत. वेदांगज्योतिष या जुन्या ग्रंथात नक्षत्रं आहेत, मेष-वृषभ नाहीत. बहुतेक अभ्यासकांच्या मते बारा राशी आपल्याकडे ग्रीकांच्या संपर्कातून इसवी सनाच्या आसपास आल्या. मग तो श्लोक डोळ्यांनी बघितलेलं आकाश कसा असेल?

तुळशीमाळ

सगळे हुशार आहात. माझी आई अक्षरशत्रू होती, तिला शके बाराशे कळत नव्हतं. आळंदीला पायरीवर डोकं ठेवून रडायची. तिला तुमचा कुठला ताम्रपट हवा होता?

फळाखडू

माउली, कुठलाच नको. माझीही आई तशीच होती. ती रडायची ती पायरी तिची. फलक मात्र पंचायतीच्या रस्त्याला लागून आहे आणि त्याखाली "मजकूर:" म्हणून माझं नाव येणार आहे.

हुक्केरीचा बाँडरायटर

गुरुजी, तुमचा तो कमरेइतका दगड. सूर्य-चंद्र, गाय-वासरू म्हणजे दानाचा लेख दिसतो. चंद्रसूर्य असेतो दान चालावं. पेंट खरवडू नका, ॲसिड-रॉकेल लावू नका, खडूनं अक्षरं गिरवू नका (तुम्हाला हात शिवशिवेल म्हणून सांगतो). रात्री अंधारात जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूनं तिरपा धरा. दिवसा न दिसणारं अक्षर सावलीनं उठतं. तसेच फोटो काढा. नीट ठसा पुरातत्त्ववाले घेतात: ओला कागद दगडावर बसवून ब्रशनं ठोकतात, कागद खाचांत शिरतो, मग वरून शाई. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन देवळाचा 1204 चा लेख बघायला आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जावं लागतं. तुमचा अजून दारात आहे.

फळाखडू

काल अमावास्या नव्हती, खरं लाईट गेली होती, ते बरंच झालं.

सोबतीला शेजारचे कानडी शाळेचे निवृत्त मास्तर. सीमाप्रश्नावर आमचं चाळीस वर्षांचं भांडण, चहा रोज एकत्र. जाताना ते म्हणाले, "लेख कानडीत निघाला तर तुम्ही गाव सोडून जाणार का?" मी म्हणालो, आधी निघू दे.

टॉर्च तिरपा धरला. पहिल्यांदा पेंटचे ओघळच दिसले. मग मास्तरांनी हात जरा खाली घेतला आणि गाईच्या पोटाखालचं वासरू एकदम उठलं, तोंड आचळाला लावलेलं. या दगडाला टेकून मी आयुष्यभर चपला काढल्या, ते वासरू दूध पितंय हे मला ठाऊक नव्हतं. खाली ओळी. मास्तर जुनं कानडी फारसं जाणत नाहीत, बोटानं हवेत अक्षरं काढत काढत वाचत होते. "स्वस्ति" लागलं. पुढं बराच वेळ काही नाही. मग गुडघे टेकून खालच्या ओळीपाशी "शकवर्षद..." म्हणाले आणि थांबले.

मी म्हटलं, पुढं? पुढं आकडा असणार ना?

पुढं सिमेंट आहे. मागच्या जीर्णोद्धारात दाराला लोखंडी कठडा बसवला, त्याचा पाया थेट दगडाच्या खालच्या तीन ओळींवर ओतलाय. त्या कठड्याच्या वर्गणीच्या पावत्या मीच फाडल्या होत्या, गावभर फिरून.

अध्यक्षांना सकाळी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पांडवांनी बांधले अशी आख्यायिका आहे" असं लिहा, ते खोटं नाही. ते मी मान्य केलं. त्याखाली "दारातील शिलालेख जुन्या कानडीत असून त्यात शकवर्षाचा उल्लेख आहे" एवढं घालतोय आणि एक ओळ मोकळी सोडतोय. कारागीर म्हणाला, मोकळ्या ओळीचे पैसे नाहीत, खरं नंतर कोरायला यायचं भाडं वेगळं.

आता सांगा, दगडाला न दुखावता सिमेंट काढता येतं का?

हुक्केरीचा बाँडरायटर

छिन्नी लावू नका, गवंड्यालाही लावू देऊ नका. फोटो जोडून धारवाडच्या पुरातत्त्व कार्यालयाला अर्ज करा, वाचनासाठी एक प्रत म्हैसूरच्या पुराभिलेख शाखेला. मसुदा मी लिहून देतो, फी म्हणून त्या वासराचा फोटो पाठवा.