मदत हवी आहे: नर्सरीतला मुलगा शाळेत लघवीला जात नाही, रिक्षात चड्डी ओली

गिरणाकाठ (पाचोरा)
मुलगा शाळेत लघवीला जातच नाही. येताना रिक्षात चड्डी ओली. डबा तसाच परत, बाटलीही भरलेली. घरी सगळं नीट सांगतो. टीचर म्हणतात तो काही बोलतच नाही. रिक्षावाले काका आता कुरकुर करतात. सोमवारपासून नेमकं काय बदलू ते सांगा. "होईल हळूहळू सवय" हे ऐकून झालंय.

अमळनेरकर
वय? शाळा किती ते किती? रिक्षात किती वेळ? शाळेत कमोड की बैठकीचा संडास? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

धुळे_१८
एक वर्ष घरी ठेवा सरळ. नर्सरी सक्तीची नाही, शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला लागू आहे. पुढच्या वर्षी थेट ज्युनिअरला घाला. फक्त जन्मतारीख बघा, ३१ डिसेंबरला ज्युनिअरसाठी ४ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण लागतात.

गिरणाकाठ
प्रवेशाचं विचारलेलं नाही. वय सव्वातीन. शाळा साडेआठ ते बारा. रिक्षा पावणेआठला येते, पाऊण वाजता घरी सोडते. शाळेत बैठकीचा संडास, घरी कमोड.

अमळनेरकर
म्हणजे पाच तास. या वयात मूत्राशयात सव्वाशे मिलीच्या आसपास मावतं, ते भरणारच. टीचरना सांगा की "लागली का?" असं विचारू नका. खेळात किंवा रडण्यात असलेलं मूल नाहीच म्हणतं. वेळेवर न्यायचं: शाळेत पोचल्यावर, डब्याआधी, आणि बाराला रिक्षात बसायच्या आधी. ही तिसरी वेळ चुकते म्हणून चड्डी रिक्षातच ओली होते.
मुलगा आहे, तर लघवी उभ्यानेही करू शकतो. ओल्या फरशीवर घसरायची भीती असेल तर बाईंनी दंड धरून उभं राहावं. पँट इलॅस्टिकची द्या. बटण, चेन, पट्टा काही नको. गणवेशाची पँट हुकाची असेल तर शिंप्याकडून इलॅस्टिक घालून घ्या.

भुसावळ_जंक्शन
सकाळी पाणी देऊच नका भो. दूध पण शाळेतून आल्यावर. प्रश्न मिटला.

अंगणवाडी_चोपडा
असं अजिबात करू नका. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जळजळते, आणि मूल आणखी धरून ठेवतं. शी कडक होते ती वेगळीच, आणि साठलेली शी मूत्राशयावर दाबते, त्यामुळेही चड्डी ओली होते. त्यात आपल्याकडचा जून, पाऊस लागेपर्यंत पत्र्याच्या वर्गात मुलं नुसती घामाघूम असतात.
ताई, तो सकाळी शी करून जातो का? रोज?

गिरणाकाठ
नाही, संध्याकाळी करतो. कधी एक दिवसाआड. सकाळी वेळच नसतो, सातला उठवते.

अंगणवाडी_चोपडा
मग सुरुवात तिथून करा. साडेसहाला उठवा, कोमट पाणी किंवा दूध आणि थोडी दशमी द्या. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पोट आपोआप हलतं, तेव्हा पाच मिनिटं बसवा. कमोडवर पाय लोंबकळतात, मग जोर लागत नाही. पायाखाली पाट ठेवा. झाली नाही तर रागवू नका, उठवून द्या. पहिले दिवस नुसतं बसणंच होईल.
लघवी करताना रडतो का, ताप, उग्र वास, थेंब थेंब होते का? यातलं काही असेल तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्या. मग सवयीच्या मागे लागू नका.

तापीकाठ
घरी अहिराणी बोलता का? तसं असेल तर तो लघवीला काय म्हणतो ते टीचरना कागदावर लिहून द्या. नवीन टीचर बाहेरगावच्या असल्या तर हमखास गोंधळ होतो. त्याला करंगळी दाखवायला शिकवा, ती सगळ्या वर्गांत चालते.

धुळे_१८
म्हणूनच म्हणतो, घरी ठेवा. एवढ्याशा पोराला पाच तास!

अमळनेरकर
घरी ठेवून बैठकीच्या संडासाची सवय कशी होणार? वेळा बदलायच्या आहेत, शाळा नाही.

केळीबाग_रावेर
डब्याचं कोणी बोललंच नाही. केळं सोलून, कापून देत असाल तर ते काळं पडतं, चिकट होतं, मूल हात लावत नाही. छोटं केळं अख्खं द्या, देठाकडे सुरीने थोडी चीर देऊन. आणि कडेला चार क्लिपांचा डबा या वयाच्या बोटांनी उघडत नाही. घरी खाली बसवून डबा-बाटली पुढे ठेवा, पंधरा मिनिटं मदत न करता नुसतं बघा.

गिरणाकाठ
आत्ता करून बघितलं. डबा उघडला. बाटलीचं फिरकीचं झाकण उघडत नाही, दोनदा ओढून बाजूला ठेवून दिली. ताप नाही, जळजळही नाही.

केळीबाग_रावेर
मग बटण दाबून उघडणारी घ्या, चारशे-पाचशे मिलीची, मोठी जड होते. सोमवारी लगेच दप्तरात टाकू नका. आधी दोन दिवस घरी त्याच बाटलीने पाणी प्यायला द्या, तोवर शाळेत बाईंना जुनी उघडून द्यायला सांगा.

भुसावळ_जंक्शन
पाचोऱ्यात शाळेच्या रिक्षाला महिन्याला किती घेतात?